कारणाचा रकाना

काँक्रीट ओतताना त्यातलं थोडं बाजूला काढायचं, लोखंडी साच्यात भरायचं, दुसऱ्या दिवशी साचा उघडून निघालेला ठोकळा पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली घालून फोडायचा. किती भाराला फुटला ते वहीत लिहायचं. एका माणसानं हे काम एकतीस वर्षं केलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. साईटवर सगळे त्यांना ठोकळेमास्तर म्हणत, आणि घरी बायको रागावली की तीही तेच म्हणे.

मास्तरांची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. एका बाजूला यंत्र, एका बाजूला टाकी, मधे त्यांचं टेबल आणि तिन्हींवर सिमेंटची बारीक पूड. साईट संपली की खोली ट्रकवर चढायची आणि नव्या जागी उतरायची. खिडकीची काच तिसऱ्या साईटवर फुटली, तिथे लावलेला पुठ्ठा पुढच्या पाच साईटी टिकला. मास्तर मात्र भलते काटेकोर. ठोकळ्यावर तारीख घालताना आकडा जरा फेंगडा आला तर पुसून पुन्हा घालणार. “तुम्ही उद्या चिमूटभर मीठसुद्धा वजन करून मागाल,” असं बायको म्हणायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. आपल्या डोळ्यातल्या मुसळाची गोष्ट पुढे येईलच.

त्यांची जोडी होती मिस्त्रींशी. हे साईटवरचे मुख्य गवंडी. पाच इमारती दोघांनी बरोबर उभ्या केल्या, बावीस वर्षं एका डब्याशेजारी दुसरा डबा उघडला. मिस्त्रींना सही येत होती आणि आकडे वाचता येत होते. बाकी अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नसे. पण हाताच्या पाठीनं कॉलमवर दोनदा टकटक केली की आतलं सगळं सांगायचे. मास्तर अठ्ठावीस दिवस थांबून तेच वहीत लिहायचे. “मास्तर, तुमचं यंत्र माझ्यापेक्षा सत्तावीस दिवस मंद आहे,” असं मिस्त्री चारचौघांत म्हणत आणि मास्तरांना राग यायच्या ऐवजी हसू येई, कारण ते खरं होतं.

मिस्त्रींनी साईटवर एक रिवाज पाडला होता. शटरिंगच्या फळ्या निघाल्या की इंजिनिअरची फेरी व्हायच्या आधी ते एकटेच सगळ्या कामावरून फिरत. मनाला पटलं नाही तिथे खडूनं फुली मारत. फुली कुणाच्या कामावर पडली आणि का पडली, हे विचारायचं नाही. संध्याकाळच्या आत तेवढा भाग तोडायचा, धुवायचा आणि नव्यानं भरायचा. हळूहळू बाकीचे गवंडीही आपल्याच कामावर आपणच फुली मारायला लागले. फुली मारणाऱ्याला मिस्त्री कधी एका शब्दानं बोलले नव्हते. झाकपाक करणाऱ्या दोघांना मात्र त्यांनी साईटवरून हाकललं होतं.

मास्तरांना यातलं एकच खटकायचं. वहीत काही राहत नसे. कुठे चुकलं, किती वेळा चुकलं, कशानं चुकलं, सगळं तोंडी. “उद्या तुम्ही नसलात तर?” असं ते विचारत. मिस्त्री म्हणत, “मी नसलो तरी खडू असेल की.”

मग कंपनीला सर्टिफिकेट घ्यायची वेळ आली. एका मोठ्या रुग्णालयाचं काम निघालं होतं आणि मालकांची अटच होती की बांधणाऱ्याकडे दोन मानकांची प्रमाणपत्रं हवीत, एक गुणवत्तेचं आणि एक पर्यावरणाचं. साईटच्या मोठ्या साहेबांनी सल्लागार आणल्या. चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, पायात साईटचे जड बूट घालूनच येणाऱ्या बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांच्या जुन्या वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, “या कंपनीत एकाच माणसाला लिहायची सवय आहे.” दुसऱ्या दिवशी मास्तर गुणवत्ता प्रतिनिधी झाले. कार्यालयात काचेच्या खोलीत टेबल मिळालं, टेबलावर पाटी आली. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणी त्यांचं नाव धड लिहिलं ते त्या पाटीवर. घरी गेल्यावर त्यांनी ही बातमी अशा थाटात सांगितली की बायको म्हणाली, “बरं झालं. आता तरी बुटाची पूड घरात आणू नका.”

सुरुवातीला साईटवर थट्टाच झाली. कचऱ्यासाठी चार रंगांचे डबे आले; आठवडाभर लोकांनी चारही डब्यांत सगळंच टाकलं आणि एकानं तर निळ्या डब्याला सावली चांगली म्हणून त्याच्या आडोशाला झोप काढली. मिस्त्री म्हणाले, “मास्तर, कागदी घोडे नाचवायला लागलात वाटतं.” पण मास्तर मनापासून कामाला लागले होते. काँक्रीटच्या गाड्या धुतलेलं पांढरं पाणी इतकी वर्षं थेट मागच्या नाल्यात जायचं. त्यांनी तीन कप्प्यांचा हौद बांधून घेतला. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निवळत जायचं आणि शेवटचं पाणी धूळ बसवायला रस्त्यावर मारलं जायचं. रोज सकाळी मास्तर नाल्यात क्षार तपासायची कागदाची पट्टी बुडवून रंग बघत. दीड महिन्यानं काठाला गवत आलं, तेव्हा त्यांनी मिस्त्रींना हात धरून नेलं आणि दाखवलं. मिस्त्री उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. “हे मात्र चांगलं केलंत,” ते म्हणाले. नंतर कुणी घोड्यांची थट्टा केली की मिस्त्रीच त्याला गप्प करायचे.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की मानकांचा यात काही दोष नव्हता. चांगली, शहाणी गोष्ट होती ती. जे काही बिघडलं ते मास्तरांच्या हातून बिघडलं.

बाहेरचे तपासनीस येणार होते त्याच्या चार दिवस आधी मॅडमनी सगळ्या फायली बघितल्या आणि दोषांच्या नोंदवहीपाशी थांबल्या. नोंदवही कोरी होती.

“इतक्या महिन्यांत एकही दोष नाही? कुणाचा विश्वास बसणार नाही,” त्या म्हणाल्या. “एखादा तरी नोंदलेला, त्याचं कारण शोधलेलं आणि तो दुरुस्त केलेला दाखवता आला पाहिजे. पद्धत चालते हे त्यातूनच कळतं.”

कोरी का होती ते मास्तरांना ठाऊक होतं. दोष फुलीत संपत होते, वहीपर्यंत पोचतच नव्हते. आणि योग बघा, त्याच दिवशी सकाळी तळमजल्याच्या एका कॉलमवर मिस्त्रींनी स्वतःच्या कामावर फुली मारली होती. कॉलमच्या पायाशी वीतभर जागेत काँक्रीट नीट बसलं नव्हतं, मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहिली होती. मिस्त्री स्वतः तिथे उभे असताना असं कधी झालं नव्हतं. ते जरा खजील झाले होते.

मास्तर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “मिस्त्री, या वेळी फुलीवर भागवू नका. फॉर्म भरूया.”

“म्हणजे काय होणार?”

“काही नाही. कुठे चुकलं, कशानं चुकलं, काय केलं, एवढंच लिहायचं. तपासनिसांना दाखवायला एक उदाहरण हवंय.”

मिस्त्रींनी खडू खिशात टाकला. “भरा की मग. तुमच्या उपयोगी पडत असेल तर आमची चूकही सोन्याची,” ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “सुई मला जरा हलकी वाटली होती. की माझाच हात आता जड झालाय, कोण जाणे.”

सुई म्हणजे व्हायब्रेटरची सुई. लांब रबरी नळीच्या टोकाला असलेली लोखंडी कांडी. ओल्या काँक्रीटमध्ये घातली की थरथरते, आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि माल घट्ट बसतो. मास्तर काटेकोर माणूस, त्यांनी ते वाक्य सोडलं नाही. दुपारी जेवायच्या सुटीत ते एकटे भांडारात गेले, तो व्हायब्रेटर काढला, नळी मोकळी केली आणि आतली तार बाहेर ओढली. तार अर्धी झिजली होती. सुई थरथरत होती, आवाजही तोच येत होता, पण जोर निम्मा राहिला होता. मिस्त्रींची चूक नव्हती, यंत्राची होती. जगातल्या कुठल्याही गवंड्याच्या हातून त्या सुईनं तसंच काम झालं असतं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, कारणाचा. त्यात चारच शब्द छापलेले: माणूस, यंत्र, माल, पद्धत. त्यातल्या एकावर खूण करायची. मास्तरांनी पेन उचललं आणि यंत्रावर टेकवणार तेवढ्यात समोर बसलेल्या मॅडम सहज म्हणाल्या, “यंत्र लिहिलंत तर ते देखभालीची नोंदवही मागतील. ती काढून ठेवा.”

आता मुसळ. यंत्रांच्या देखभालीची नोंदवही सहा महिन्यांपूर्वी नव्यानं सुरू झाली होती आणि ती ठेवायची जबाबदारी मास्तरांचीच होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक यंत्र उघडून बघायचं आणि लिहायचं. हौद, पट्ट्या, डबे, पाट्या या गडबडीत मास्तरांनी ते आज करू, उद्या करू म्हणत ठेवलं होतं. वहीचं पहिलं पान आखलेलं होतं. पुढे काहीच नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या चालढकलीनं कोरी सोडलेली ती एकच वही.

“नाहीये का?” मॅडमनी विचारलं.

“आहे,” मास्तर म्हणाले. “म्हणजे, पूर्ण नाही.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाईट बाई नव्हत्या. “पूर्ण नसेल तर ती मोठी त्रुटी ठरेल. प्रमाणपत्र दोन-तीन महिने पुढे जाईल, रुग्णालयाचं काम बहुधा हातचं जाईल,” त्या म्हणाल्या. “माणूस लिहिलं तर एक तासाचं प्रशिक्षण देऊन फॉर्म बंद होतो. पण खरं काय झालंय ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ठरवा.” आणि त्या दुसऱ्या फायलीकडे वळल्या.

मास्तरांनी पुढची तीन वर्षं स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं की त्यांनी हे कंपनीसाठी केलं, कामासाठी केलं, चारशे माणसांच्या रोजगारासाठी केलं. त्यांना स्वतःलाच ते पटत नसे. त्या क्षणी डोळ्यांसमोर आली होती ती टेबलावरची पाटी. त्यांनी ‘माणूस’ या शब्दावर खूण केली. खाली लिहावं लागतं म्हणून लिहिलं: ‘सुई पुरेसा वेळ धरली नाही. निष्काळजीपणा.’ अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

संध्याकाळी मिस्त्री हात धुऊन सहीला आले. उभ्याउभ्याच त्यांनी कागद फिरवून पाहिला आणि विचारलं, “काय लिहिलंय?”

“सुई थोडी लवकर काढली, असं.”

मिस्त्रींनी कागद टेबलावर ठेवला. “म्हणजे माझंच चुकलं तर,” ते म्हणाले.

“अहो, नुसता कागद आहे तो. करा सही.”

मिस्त्रींनी सही केली. मास्तरांनी नवी तार मागवून व्हायब्रेटर दुरुस्त केला आणि जुनी तार भंगारात टाकली, योग्य त्या रंगाच्या डब्यात.

तपासणी उत्तम झाली. तपासनिसांनी तो फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला आणि मोठ्या साहेबांना म्हणाले की असा प्रामाणिकपणा फार कमी ठिकाणी दिसतो. दोन्ही प्रमाणपत्रं आली, चौकटीत बसली, त्यांच्याखाली उभं राहून फोटो निघाला. फोटोत मास्तर मधोमध आहेत. मिस्त्री त्या वेळी वरच्या मजल्यावर काम करत होते, त्यांना कुणी बोलावलं नाही.

दीड महिन्यानं मुख्य कार्यालयातून पत्र आलं. रुग्णालयाच्या कामासाठी कुशल कामगारांची यादी करायची होती आणि कुणा हुशार माणसानं तिथे बसून नियम काढला होता की ज्यांच्या नावावर निष्काळजीपणाची नोंद आहे त्यांना कॉलम, तुळया आणि स्लॅबच्या कामावर घेऊ नये. अख्ख्या कंपनीत अशी एकच नोंद होती. बाकी कुठल्या साईटनं खरंखोटं काहीच लिहून पाठवलं नव्हतं.

मास्तर तसेच उठून मोठ्या साहेबांकडे गेले. “साहेब, मिस्त्रींची चूक काही एवढी मोठी नव्हती.”

“मग निष्काळजीपणा असं का लिहिलंत?” साहेबांनी विचारलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, तेही मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकले होते. “तुम्ही लिहिलेलं खोटं आहे असं म्हणा, मी आत्ता वर फोन करतो. म्हणताय का?”

मास्तरांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर पाटी गेली असती, कदाचित प्रमाणपत्रावर प्रश्न आला असता, आणि मिस्त्री राहिले असते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि “बघतो,” असं काहीतरी म्हणून बाहेर आले.

मिस्त्रींना कचरा वेगळा करायच्या कामावर देखरेखीला बसवलं. बावीस वर्षं इमारती उभ्या करणारा माणूस चार डब्यांपाशी स्टूल टाकून बसू लागला. कुणाशी भांडले नाहीत, मास्तरांशी तर नाहीच. डबा दोघं अजून बरोबर खात, फक्त मिस्त्री आता यंत्राची थट्टा करत नसत. एकदा मात्र जेवता जेवता त्यांनी विचारलं, “मास्तर, किती वेळ धरायला हवी होती हो सुई?” मास्तरांनी हातातला घास डब्यात ठेवला. त्यांनी पुस्तकातला आकडा सांगितला. मिस्त्रींनी मान हलवली, मनाशी मोजल्यासारखे ओठ हलवले. दोन महिन्यांनी ते कामावर यायचे थांबले.

साईटवर फुल्या बंद झाल्या. पहिल्या आठवड्यातच बंद झाल्या. स्वतःहून सांगणाऱ्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. खडू कशाला हातात धरायचा? भोकं सिमेंटच्या रबडीनं भरून वरून हात फिरवला जाऊ लागला. मास्तरांना रंगातला फरक कळायचा. ते बोट ठेवून विचारत, आणि समोरचा गवंडी म्हणे, “कुठे काय, मास्तर?” नोंदवही पुन्हा कोरी राहू लागली. मुख्य कार्यालयानं त्याबद्दल साईटला शाबासकीचं पत्र पाठवलं.

बंद झालेला फॉर्म पुन्हा उघडायची सोय होती. मानकातच होती, मास्तरांनी स्वतः ती नियमपुस्तिकेत लिहिली होती: चुकीचं कारण नोंदलं गेल्याचं लक्षात आल्यास नोंद दुरुस्त करावी. रुग्णालयाचं काम सुरू होऊ दे, मग करू, असं त्यांनी ठरवलं. काम सुरू झालं. वर्षाची तपासणी तोंडावर आली, ती होऊ दे. ती झाली. मग दुसरी. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की मिस्त्रींच्या बाबतीत आपल्या हातून एक लिहिण्यातली चूक झालीय. ती दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची, “मिस्त्रींकडे जाऊन आलात का?” आणि मास्तर म्हणायचे, “हातात कागद घेऊनच जाईन.” शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली, “अहो, तो माणूस कागदाची वाट बघतोय की तुमची?”

आज करू, उद्या करू यात सव्वातीन वर्षं गेली. निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी घरून कच्चा मसुदा लिहून नेला. कारणाच्या रकान्यात ‘यंत्र’. खाली: ‘देखभालीची नोंद ठेवली गेली नव्हती. जबाबदारी माझी.’ लिहून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. नोंदी ठेवणाऱ्या कारकूनबाईंकडे जाऊन त्यांनी तारीख सांगितली आणि मूळ फॉर्म मागितला.

“तो आता नाही मिळणार, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांपुढच्या नोंदी नष्ट करायच्या असतात ना. मागच्या महिन्यात गेला सगळा गठ्ठा.”

“कुणी ठरवलं तीन वर्षं?”

त्या गोंधळल्या. कपाटातून नियमपुस्तिका काढली, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. मुदत ठरवणाऱ्याची सही मास्तरांची होती. कागद फाडून लगद्यासाठी पाठवल्याची पावतीही त्यांनी दाखवली, वजनासकट. पर्यावरणाच्या फायलीत ती व्यवस्थित लावलेली होती. नसलेला फॉर्म दुरुस्त करता येत नाही, आणि मुख्य कार्यालयाच्या यादीत मिस्त्रींच्या नावापुढचा शेरा तसाच होता, कारण यादीला मुदत नव्हती. मास्तरांनी मसुदा घडी करून खिशात ठेवला.

रविवारी दुपारी ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री आता लेकीकडे राहत होते. दोन वर्षांपूर्वी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, दारात धुतलेल्या बादल्या पालथ्या घातलेल्या. मिस्त्री खुर्चीत बसले होते. मास्तरांना बघून उठले, त्यांचा चेहरा उजळला, ते आत वळून म्हणाले, “अगं, मास्तर आलेत. चहा टाक.” केस सगळे पांढरे झाले होते. कुठे काम करत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, “एका गोदामावर वॉचमन आहे. बरं आहे, बसून असतं.”

मास्तरांची नजर जुन्या सवयीनं भिंतीवर गेली. कोपरा काटकोनात नव्हता. गिलाव्याला पोट आलं होतं आणि खिडकीची चौकट एका अंगानं बोटभर खाली होती. “मिस्त्री, तुमच्या डोळ्यांदेखत ही भिंत अशी कशी उभी राहिली?” ते हसून म्हणाले. मिस्त्रीही थोडे हसले. “दुसऱ्याला दिलं होतं काम,” एवढंच म्हणाले.

मग मास्तरांनी सांगितलं. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलं, उलटंसुलटं सांगितलं. झिजलेली तार, कोरी वही, पाटी, चार शब्दांचा रकाना. मिस्त्री खाली बघत ऐकत होते.

“तार झिजली होती,” ते शेवटी म्हणाले.

“अर्धी. मी स्वतः उघडून पाहिली.”

“कधी?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

“म्हणजे माझ्या सहीच्या आधी.”

“आधी,” मास्तर म्हणाले. “मिस्त्री, तुम्हाला तेव्हाच संशय आला होता. तुम्ही भांडला का नाहीत?”

“कशाला भांडू?” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. “तुम्ही लिहिलं होतं ना. एवढी वर्षं तुमच्या वहीत मी खोटं पाहिलं नाही. मला वाटलं, मास्तरांनी लिहिलंय म्हणजे माझा हात गेला. नोकरीचं काय, दुसरीकडे चार जणांनी बोलावलं होतं मला. मीच गेलो नाही. गेलेल्या हातानं लोकांची घरं कशी बांधायची?”

लेक चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती कप खाली न ठेवता तशीच उभी राहिली आणि मास्तरांना नाही, बापालाच म्हणाली, “बाबा, मी किती मागे लागले होते तुमच्या. नुसते समोर उभे राहा म्हटलं, ओळंबा तरी धरा म्हटलं.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. मग मास्तरांकडे वळून त्यांनी समजावून सांगितलं, परक्या माणसाला सांगावं तसं. “हिनं हे घर काढलं तेव्हा मी विटेला हात लावला नाही. स्लॅबच्या दिवशी तर मी गावाबाहेर जाऊन बसलो. म्हटलं, आपला हात लागायचा आणि पोरीच्या डोक्यावर यायचं काहीतरी.”

मास्तरांनी खिशातला मसुदा काढला होता. तो कुणाला द्यायचा ते त्यांना कळेना. मिस्त्रींनी तो बघितला, पण हात पुढे केला नाही. ते उठून त्या कोपऱ्यापाशी गेले, गिलाव्याचं पोट जिथे आलं होतं तिथे तळवा ठेवला आणि मागे न वळता तसेच उभे राहिले. लेकीनं कप खिडकीत ठेवले आणि ती आत गेली. चहावर साय धरली.

शेवटी मास्तर उठले. दारात बूट घालून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, “येतो, मिस्त्री.” बावीस वर्षं त्यावर “या” असं उत्तर आलं होतं. ते थोडा वेळ उंबऱ्याबाहेर थांबले, पण आतून काही आवाज आला नाही.